यशवंतकाका, फोन कशासाठी केला होतात?

यशवंतकाका, त्या सकाळी तुम्ही मला सात वेळा फोन केलात. पहिला आठ वाजून चार मिनिटांनी, शेवटचा नऊ वाजून दहा मिनिटांनी. मधले पाच कधी तीन मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी. मला ते सगळे आकडे पाठ झालेत. माझा फोन तेव्हा आवाज बंद करून एका धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या कपाटात ठेवलेला होता. तिथल्या अंधारात तो सात वेळा उजळला असेल. आणि मी विमानात होते. जिथं जाऊ नकोस म्हणून दोन वर्षं तुम्ही माझ्याशी भांडलात, तिथंच.

मला एवढंच सांगा, फोन कशासाठी केला होतात? शिव्या घालायला? वारा कसा आहे ते सांगायला? की छातीत कळ आली होती?

परवा लॅबमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कोण होते तुझे?" मी म्हटलं, "काका." "सख्खे का?" "नाही." "मग?" मग काय सांगू? आळेफाट्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी मी, आणि पलटणीतून निवृत्त होऊन कळंबला शेतकऱ्यांची शेडनेटं शिवून देणारे तुम्ही. आपलं गाव वेगळं, घर वेगळं, देव्हाऱ्यातल्या तसबिरीसुद्धा वेगळ्या. "आम्ही दोघं आकाशातून उड्या मारणाऱ्यांच्या एका ग्रुपात होतो," असं म्हटलं तर डॉक्टर हसले असते. हसू येण्यासारखंच आहे ते. म्हणून मी पुढच्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला.

आपली ओळख एका व्हिडिओखाली झाली, आठवतंय? कुणीतरी विमानातून उडी मारल्याचा तो व्हिडिओ होता. त्याच्याखाली मी विचारलं होतं, छत्री उघडल्यावर माणूस एकदम वर कसा काय जातो? चाळीसेक लोकांनी हसण्याची तोंडं टाकली. एकानं तर लिहिलं, ताई, आधी शाळेत जा. आणि त्याच्याखाली तुमचं उत्तर होतं. "ताई, तो वर जात न्हाई. त्याचा वेग कमी झालाय. कॅमेरावाला अजून पडतोय, म्हणून आपल्याला तसं दिसतं. प्रश्न बरोबर हाय. हसू नका रं." मी तुमच्या नावावर बोट ठेवून पाहिलं तर खाली गाव लिहिलेलं, कळंब. मला वाटायचं असली माणसं मुंबईत असतात, नाहीतर परदेशात. आणि तुम्ही माझ्यापासून स्कूटीवर तासाभराच्या आत!

मग तुम्ही मला तुमच्या ग्रुपात घेतलंत. 'छत्रीवाले.' सत्तरएक माणसं, त्यातल्या साठांनी तरी गच्चीवरूनसुद्धा उडी मारलेली नसेल. खरी उडी मारलेले मोजून सात-आठ जण. तुम्ही पलटणीत तीनशेच्या वर मारलेल्या, म्हणून सगळे तुम्हाला उस्ताद म्हणायचे. सांगलीचा विनायक विमा विकायचा. त्याच्या आठ उड्या झालेल्या आणि त्या तो ऐंशी झाल्यासारख्या सांगायचा. मी सुया टोचते म्हणून पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव ठेवलंत, सुईबाई.

रोज सकाळी सगळ्यांनी आपापल्या दारातल्या आभाळाचा फोटो टाकायचा आणि तुम्ही त्याला शेरा द्यायचा. शेरे दोनच. 'उडी' किंवा 'घरी बसा'. एकदा विनायकानं टाकलं, "उस्ताद, बघा सांगलीचं आभाळ. एक ढग नाही." तुम्ही लिहिलंत, "आभाळ झकास हाय. पण तुजं पोट बघून इमानवाला तुला मालात धरील." मी विचारलं, "आणि मी, उस्ताद?" "सुईबाईचं काय सांगू नका. नाशकावर सोडली तर वाऱ्यानं आळेफाट्याला उतरंल. एसटीची गरज न्हाई."

उड्यांचं बोलणं तसं थोडंच असायचं. बाकी सगळं भलतंच चालायचं. तुम्ही पलटणीत उड्या मारायला शिकवायच्या आधी अकरा वर्षं छत्र्यांच्या घड्या घालायचात आणि फाटलेल्या शिवायचात. त्यामुळं शिवणावर तुमचा हात बसलेला. मग कुणाची बॅग उसवली, कुणाच्या स्कूटरची गादी फाटली, की फोटो तुमच्याकडे. तुम्ही मशीनवर बसून व्हिडिओ करायचात. "दोरा ओढू नका. दोऱ्याला जाऊ द्या." माझ्या आईच्या पिशवीचा बंद मी तो व्हिडिओ बघून शिवला. अजून टिकलाय. ठेच्यात लसूण आधी भाजायचा की नंतर, यावरून तर तुम्ही आणि विनायक पंधरा दिवस भांडलात. उड्या बाजूलाच राहिल्या.

तुम्हाला माहीत होतं का, माझं तेव्हा काय चाललं होतं? मी कधी सांगितलं नाही. लग्न मोडून माहेरी आले त्याला वर्ष झालं होतं. घरी, शेजारी, लॅबमध्ये, सगळीकडे एकच विषय, आता पुढं काय. सत्तर माणसांच्या तुमच्या त्या ग्रुपात एकानंही मला तो प्रश्न विचारला नाही. तुम्ही तर रोज फक्त विचारायचात, "सुईबाई, आळ्याकडचं आभाळ कसं हाय?" काका, त्या वर्षात मी सकाळी उठून बाहेर जाऊन वर बघायची, ती तुम्हाला फोटो टाकायचा म्हणून. एरवी उठावं असं काही नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं.

आणि त्यातूनच ते डोक्यात शिरलं, की एकदा आपण स्वतः उडी मारायची. शिकवणाऱ्याच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून घेऊन मारतात ती, नवख्यांची उडी. विनायकानंही सुरुवात तशीच केली होती. ग्रुपात सांगितलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही सोडून. तुम्ही मला वेगळा फोन केलात.

"घडी कोण घालणार?"

"तिथली माणसं घालतात ना काका."

"कोण माणसं? नाव काय त्यांचं? मी वळखत न्हाई. दुसऱ्यानं घडी घातलेली छत्री, दुसऱ्याच्या पोटाला बांधलेली तू. मला न्हाई पटत."

"तुम्ही तीनशे वेळा मारलीत तेव्हा?"

"तवा मीच मारत व्हतो. त्यात काय भ्यायचं?"

मला ते उत्तर तेव्हा हट्टी म्हाताऱ्याचं वाटलं. त्याचा अर्थ कळला तो आहुप्याला गेलो त्या दिवशी. तुम्ही, शालनकाकू आणि मी. काकूंनी भाकरी बांधून घेतलेल्या. देवराईत गार सावलीला काकू बसल्या, "तुमी जावा, माजं गुडघं दुखत्यात," म्हणाल्या, आणि आपण दोघं कड्यापर्यंत चालत गेलो. खाली सगळं कोकण पसरलेलं. तुम्ही मूठभर वाळलेलं गवत उपटून कड्यावरून खाली फेकलंत, आणि ते खाली गेलंच नाही. खालून येणाऱ्या वाऱ्यानं उचलून आपल्याच डोक्यावरून मागं नेलं. मी लहान पोरीसारखी ओरडले. तुम्ही मात्र हसला नाहीत.

म्हणालात, "घड्या घालायचो ना, तवा उडीच्या दिवशी मी खाली मैदानात उभा ऱ्हायचो. इमानातनं पोरं सुटायची. मी मोजायचो. एक उघडली, दोन उघडल्या. शेवटची उघडंपातूर श्वास घेता यायचा न्हाई. उडी मारणाराला भीती नसती, वैशाली. खाली मोजणाराला असती."

एरवी सुईबाई म्हणणाऱ्या तुम्ही तेवढ्या वेळी मला नावानं हाक मारलीत.

परत येताना तुम्ही तीनदा थांबलात. सपाट वाट होती. दरवेळी कुठल्या तरी झाडाकडं बोट करून काहीतरी सांगायचात, पण तुमच्या ओठांवर घाम होता आणि डाव्या हातानं तुम्ही छाती चोळत होतात. मी रोज दवाखान्यात असते, काका. मला झाडं दाखवून फसवता येत नाही.

"छातीत दुखतंय का?"

"ग्यास हाय."

"काका, ईसीजी काढा. रक्त द्या. मी स्वतः घरी येऊन काढते."

"सुई नको." तुम्ही खरोखर घाबरलात. विमानातून तीनशे वेळा उडी मारलेला माणूस! मग माझा हात धरलात आणि म्हणालात, "शालनला बोलू नको. ती झोपायची न्हाई. शप्पत घे."

मी शपथ घेतली.

का घेतली? तुम्ही म्हणालात म्हणून? की आपल्या दोघांतलं एक गुपित झालं याचं मला बरं वाटलं? बहुतेक तेच असावं. आज ते लिहिताना स्वतःची किळस येते.

पुढच्याच रविवारी मी सुया-बाटल्या घेऊन कळंबला आले. काकूंना सांगितलं, साठी आली की सगळ्यांचंच करतात, साधी तपासणी आहे. तुम्ही मला दारातून बघितलंत आणि मागच्या दारानं निघून गेलात. अर्ध्या तासानं सापडलात ते शेजाऱ्याच्या शेडनेटमध्ये, ढोबळी मिरचीच्या रांगेत उकिडवे बसलेले. काकू हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. ग्रुपात लगेच विनायकानं मतदान लावलं, उस्ताद सुई टोचून घेतील का? सत्तरातल्या पासष्टांनी लिहिलं, नाही. आपण सगळे केवढे हसलो त्या दिवशी.

त्या दिवशी मी तुमच्याकडेच जेवले. हात धुताना तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "घरी सांगितलंस का, कुठं जेवतीस ते?" मी म्हटलं, "हो, सांगितलंय की." खोटं होतं ते. आईला मी लॅबमध्ये डबा खाल्ला म्हणून सांगायची. तिनं तोंडानं काही म्हटलं नसतं, पण तिचा चेहरा मला बघायचा नव्हता. तुम्ही माझ्याकडं क्षणभर बघितलंत आणि टॉवेल दिलात. तो प्रश्न परत कधी विचारला नाहीत. तुम्हाला कळलं होतं. मला माफी मागायची होती, काका, आणि माफी मागायची तर आधी खोटं कबूल करायला लागलं असतं.

मग आपला तो करार. तुम्ही म्हणालात, "तू जमिनीवर ऱ्हा, मी रक्त देतो." मी म्हटलं, "आधी रक्त द्या, मग मी जमिनीवर राहते." ग्रुपाला वाटायचं आपली चेष्टा चाललीय. रोज त्यावर विनोद व्हायचे. पण आपल्या दोघांना माहीत होतं की चेष्टा नाही. तुम्हाला माझ्या जिवाची भीती होती, मला तुमच्या. आणि दोघंही आपापल्या हट्टावर बसून राहिलो. तुम्ही खरंच रक्त दिलं असतंत तर मी उडी रद्द केली असती का? खरं सांगू? मला माहीत नाही. आणि मी आधी माघार घेतली असती तर तुम्ही आला असतात का? हे तर कुणालाच कळायचं नाही आता.

मी गुपचूप नाव नोंदवलं. परराज्यातल्या एका जुन्या धावपट्टीवर शिबिर होतं, विनायक तिथं आधी जाऊन आलेला. घरी सांगितलं, मैत्रिणीचं लग्न आहे. तुम्हाला सांगितलं, संगमनेरला मामांकडे चाललेय. तुम्ही म्हणालात, "जा जा. मामाला माजा जय भीम सांग." किती मनापासून म्हणालात! फक्त विनायकाला खरं माहीत होतं. मी त्याला बजावलं होतं, उस्तादांना बोलू नको.

माणसं चांगली होती तिथली. घडी घालणाऱ्याचं नाव मी विचारलं, तुमच्यासाठी. पट्ट्या दोनदा तपासल्या त्यांनी. मग ते बारकं विमान, दार उघडं, आणि आम्ही बाहेर.

आता मला जे सांगायचंय ते कुणालाही सांगितलेलं नाही. वर असताना मला तुमची एकदाही आठवण आली नाही. एकदाही नाही. विमान चढत होतं तेव्हा नाही, पडत होतो तेव्हा नाही. छत्री उघडल्यावर सगळा आवाज थांबला, पायाखाली शेतं हळूहळू फिरायला लागली, तेव्हाही नाही. मी फक्त रडत होते, आनंदानं. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. ज्या माणसामुळं मी वर बघायला शिकले तो माणूस मला त्या वर आठवला नाही. आणि तो त्याच वेळी खाली अंगणात उभा राहून फोन लावत होता.

उतरल्यावर चहा, फोटो, प्रमाणपत्र. दोन तासांनी फोन हातात आला. तुमचे सात कॉल दिसले आणि मी हसले, काका. मनात म्हटलं, विनायक फुटला वाटतं, आता उस्ताद सोडत नाहीत. उलटा फोन केला नाही. आधी तुमची गंमत करायची होती. मी ग्रुपावर फोटो टाकला. हवेत आडवी झालेली मी, गाल वाऱ्यानं फुगलेले. खाली लिहिलं, "उस्ताद, आता बोला! उडी झाली. दंड कधी पुढं करताय?"

धडाधड टाळ्या आल्या. कुणी फुलं टाकली, कुणी नाचणारी बाहुली. विनायकानं लिहिलं, "उस्ताद बेशुद्ध पडले वाटतं!"

तेव्हा तुम्हाला जाऊन तास होऊन गेला होता. मंचरला नेईपर्यंत संपलं होतं सगळं. तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी अंगावरचा तो उडीचा पोशाख उतरवत होते. एक पाय आत, एक बाहेर. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" असा प्रश्न विचारला मी.

माझा तो फोटो अजून ग्रुपात आहे. त्याच्याखाली टाळ्या, फुलं, बाहुली, आणि त्यांच्याखाली तुमच्या जाण्याची बातमी. पुसायला गेले तर विनायक म्हणाला, राहू दे. मी पुसला नाही. शिक्षा म्हणून ठेवलाय.

मी परत पोहोचेपर्यंत अंत्यविधी झाला होता. पुण्यानुमोदनाला आले मी, आठव्या दिवशी. अंगणात मांडव, समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, शेजारी तुमचा गणवेशातला फोटो. किती तरुण! भन्तेजींमागून सगळे त्रिशरण म्हणत होते. मला शब्द येत नव्हते, मी नुसते हात जोडून बसले. ग्रुपातली नऊ माणसं आली होती. कुणी कुणाला कधी बघितलेलं नव्हतं. आवाजावरून एकमेकांना ओळखलं. विनायक तर दारातून आत येईना. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता, केवढा तरी मोठा माणूस, लहान तोंड करून.

"मीच सांगितलं गं त्यांना," तो म्हणाला. "आदल्या दिवशी. मला राहवलंच नाही. वाटलं, म्हाताऱ्याला आनंद होईल."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"आणि?"

"फक्त बरं. मी म्हटलं, उस्ताद, रागावलात का? तर म्हणाले, फोन ठेवतो, मशीनवर काम हाय."

एवढाच धागा होता, तोही तुटला. तुमच्या त्या 'बरं'मध्ये काय होतं? मी तुम्हाला मामाचं खोटं सांगितलं हे तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. तरी तुम्ही तेव्हा फोन केला नाहीत. सकाळी केलात, मी वर जायच्या वेळी. सातदा. मनातून मला दिसतं, की तुम्ही मैदानात उभे आहात आणि एकच छत्री मोजायची आहे. ती उघडल्याचं सांगायला कुणी नाही. डॉक्टर म्हणतात, कधीतरी व्हायचंच होतं ते, आधी तपासलं असतं तर कळलं असतं. म्हणजे दोन्हीकडून मीच. तपासायचं मी सोडलं, आणि जीव टांगणीला मी लावला. काका, मी मारलं का तुम्हाला? मला समजावू नका. खरं सांगा.

सगळी माणसं गेल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. तुमच्या मशीनजवळच, त्या अर्धवट शिवलेल्या हिरव्या नेटच्या ढिगाला टेकून. मी धीर करून विचारलं, "काकू, त्या सकाळी कसे होते काका?"

"रोजच्यावानी उठले. च्या घेतला. मग फोन घेऊन अंगणात गेले. म्हंले, पोरगी आज वर जाणार हाय."

"कसं म्हणाले? रागानं? की हसून?"

काकू म्हणाल्या, "माजी पाठ व्हती गं त्यांच्याकडं. भाकरी चालल्या व्हत्या माज्या. वळून बघितलंच न्हाई. ह्यांचं रोजचंच ते, छत्रीवाले आन् फोन. मग दोनदा म्हंले, उचलंना. मी म्हंलं, कामात असंल पोरगी. मग आवाजच आला न्हाई. मला वाटलं, लागला फोन."

मला पुढं विचारवेना. पण त्याशिवाय राहवेनाही. "छातीत दुखतंय वगैरे काही म्हणाले होते?"

"मला न्हाई म्हंले." मग त्या माझ्याकडं वळल्या. डोळे कोरडे होते. "तुला कदी म्हंले व्हते का?"

मी नाही म्हणू शकत होते, काका. एक खोटं तुमच्याशी बोलले होते, एक आईशी, एक तुमच्या घरी हात धुताना. आणखी एक जड गेलं नसतं. शपथही घातलेली होती तुम्ही. पण काकूंचा चेहरा हातभर अंतरावर होता.

मी म्हटलं, "हो. आहुप्याला."

त्यांनी मनात महिने मोजलेले मला दिसले. आहुप्याला आपण गेलो तेव्हापासून आजपर्यंतचे. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजे तू ते रक्त काढाया आली व्हतीस, ते त्यासाठी. आन् मी हसत व्हते. खाली बसून हसत व्हते मी."

"काकू, त्यांनी शपथ..."

"मला का न्हाई सांगितलंस?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी वडत न्हेलं असतं त्यांला. वडत. माजं आयकलं असतं त्यांनी."

ऐकलं असतं, काका. तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणूनच तर शपथ घातलीत. मला आता तुमचा राग येतोय, हेही लिहून टाकते. मेलेल्या माणसाचा राग यावा ही फार वाईट गोष्ट आहे. पण तुम्ही तुमची भीती माझ्या पदरात टाकून गेलात, आणि ती मी नीट सांभाळली. इतकी नीट, की तुम्ही गेलात.

काकू उठल्या आणि आत गेल्या. मी बराच वेळ तिथं बसले. त्या बाहेर आल्या नाहीत. तुमच्या मुलानं मला फाट्यापर्यंत सोडलं, वाटेत तो नेहमीसारखंच बोलत होता, म्हणजे त्याला अजून माहीत नव्हतं. आता कळलं असेल.

त्याला अकरा दिवस झाले. मी काकूंना फोन केलेला नाही, त्यांनीही केलेला नाही. ग्रुपात आता आभाळाचे फोटो कुणी टाकत नाही. विनायकानं एकदा टाकला आणि पाच मिनिटांत काढून घेतला. मी सकाळी उठते, डबा घेते, दिवसाला तीस-चाळीस जणांचं रक्त काढते. परवा एका बाईनं सहज सांगितलं, मालकांच्या छातीत दुखतं पण ते येत नाहीत. मी तिच्यावर इतकी ओरडले की आतून डॉक्टर बाहेर आले. त्या बाईचा नवरा काल आला. त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली. शेवटी दुसऱ्या मुलीनं सुई टोचली.

येत्या रविवारी मी कळंबला जाणार आहे. आईला आज सांगितलं, कुठं जाते आणि कुणाकडं जाते ते. तिचा चेहरा झाला तसा झाला. काकूंना काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. तुम्ही शपथ घातली होती हे पुन्हा म्हणणार नाही. ते म्हणजे सगळं तुमच्यावर ढकलणं होईल आणि तुम्ही काही बोलू शकणार नाही. त्या विचारतील, का नाही सांगितलंस, आणि मी म्हणेन, चुकले. त्याच्यापुढं माझ्याकडं काही नाही.

दार त्यांनी उघडलं तर आत जाईन. नाही उघडलं तर ओट्यावर बसेन.